झोप, उजेड आणि आपली घरं

(युवा शिबिरातल्या भाषणाचं शब्दांकन)



मला सकाळचं पहिलं सत्र दिलंय. काल रात्री दोन वाजेपर्यंत हॉलच्या पायऱ्यांवर गप्पा मारणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे कोण किती झोपलंय ते मला चांगलं माहीत आहे. मागच्या रांगेतल्या दोघांना डुलकी लागली तर त्यांना उठवू नका. माझा विषयच तो आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे दोनच प्रकारच्या गोष्टी सांगणार आहे. एक, ज्यावर जगभर भरपूर संशोधन होऊन बऱ्यापैकी एकमत झालंय. दोन, ज्या मी स्वतःच्या घरात मोजल्या आणि करून पाहिल्या.

आमचं घर इचलकरंजीचं. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, बारा-बारा तासांची. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी साडेआठला घरी यायचे, चहा-बटर खायचे आणि त्याच खोलीत आडवे व्हायचे. पत्र्याचं घर, दार सताड उघडं, खिडकीतून थेट तोंडावर ऊन. अम्मी आम्हाला दटावायची, "गलबला नक्को करो रे, अब्बा सोये." आम्ही गलबला करायचोच. अब्बा अकरा वाजता लाल डोळ्यांनी उठून बसायचे आणि मग दिवसभर चिडचिड. नातेवाईक म्हणायचे, तापट माणूस आहे. आम्ही पोरं म्हणायचो, अब्बा सारखे झोपतात. मी पंचवीस वर्षांचा होईपर्यंत माझ्या मनात माझ्या बापाचं चित्र तेच होतं: चिडका आणि झोपाळू.

मग पुण्यात मला अमेरिकन क्लायंटचं काम मिळालं. संध्याकाळी सहा ते पहाटे तीन. पगार चांगला होता. आठ महिन्यांत माझं वजन वाढलं, दुपारी डोकं जड, सुट्टीच्या रात्री झोप नाही आणि कामाच्या रात्री डोळे उघडे राहत नाहीत. एका पहाटे घरी येताना गाडीवर डोळा लागला. क्षणभरच. दुभाजकाला घासून पडलो. रस्ता रिकामा होता म्हणून कोपर सोलवटण्यावर निभावलं. अब्बा बघायला आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मला तीस वर्षं असंच व्हायचं. पण माझा माग जागचा हलत नव्हता."

त्या वाक्यानंतर मी या विषयाच्या मागे लागलो.

शरीरातलं घड्याळ

तुमच्यातले काही जण कॉम्प्युटर शिकताय. प्रत्येक सर्व्हरमध्ये स्वतःचं घड्याळ असतं आणि ते थोडं चुकतं. रोज थोडं मागे किंवा पुढे जातं. म्हणून ते ठरावीक अंतराने एका बिनचूक घड्याळाशी जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी एनटीपी नावाची व्यवस्था असते. ती बंद पडली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही. महिन्याभराने नोंदी उलटसुलट व्हायला लागतात आणि चूक कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही.

आपल्या शरीरातही घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, हजारो पेशींचा एक छोटा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचं तापमान, हार्मोन्स यांचं वेळापत्रक तो सांभाळतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते शोधल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे माणसाचं हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नाही. सरासरी चोवीस तास आणि वर दहा-बारा मिनिटं. म्हणजे त्याला त्याच्या मनाप्रमाणे सोडलं तर ते रोज थोडं मागे पडणार. आज बाराला झोप आली तर काही दिवसांनी एकला, मग दोनला. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आपलं नेमकं हेच होतं.

हे घड्याळ रोज जुळवणारी मुख्य गोष्ट म्हणजे उजेड. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते मागे ओढतो, म्हणजे झोप उशिरा येते. उजेड तोच. तो कधी मिळाला यावर सगळं अवलंबून.

हा उजेड मेंदूला कळतो कसा? हजार वर्षांपूर्वी कैरोमध्ये इब्न अल-हैसमने मांडलं की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसतं. त्याचं नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो. पण तो जे करायचा, म्हणजे प्रयोग करून तपासायचा, ते आपण किती करतो? असो. पुढे डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी माहीत झाल्या आणि सगळ्यांना वाटलं की संपलं. मग २००२ मध्ये तिसरा प्रकार पक्का झाला. या पेशींचं मुख्य काम चित्र दाखवणं नाही. आजूबाजूला किती उजेड आहे, तेवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. ज्यांना काहीच दिसत नाही अशा काही अंध व्यक्तींमध्येही या पेशी शाबूत असतात आणि त्यांचं घड्याळ उजेडावर चालतं. या पेशी निळसर उजेडाला सगळ्यांत जास्त दाद देतात. दुपारच्या आकाशात तो भरपूर असतो, दिव्याच्या वातीत फार कमी.

अंधार पडला की मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. ती शरीराला सांगते, रात्र झाली. डोळ्यावर उजेड पडला की ती हात आखडता घेते. ट्यूबलाइट आहे की सूर्य, याच्याशी तिला देणंघेणं नाही.

मोजून पाहिलं तेव्हा

उजेड लक्समध्ये मोजतात. एक मेणबत्ती एक मीटरवरून जितका उजेड देते तो साधारण एक लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही. भर उन्हात एक लाखाच्या आसपास जातो. फोनमध्ये लक्स मोजण्याची फुकट ॲप मिळतात. ती अगदी बिनचूक नसतात, पण शंभर आणि दहा हजार यातला फरक त्यांना नक्की कळतो.

मी आठवडाभर फोन डोळ्यासमोर धरून मोजत फिरलो. ऑफिसात माझ्या टेबलापाशी तीनशेच्या आसपास. घरी दिवसा, खिडकीपासून लांब, पन्नास-साठ. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी गच्चीवर आठ हजार. पुन्हा सांगतो, ढग असताना आठ हजार. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते लगेच जुळवून घेतात. खोली आपल्याला 'चांगली उजेडाची' वाटते. मेंदूतल्या घड्याळाला मात्र ती संध्याकाळ वाटते.

आणि रात्री? ट्यूबखाली बसलो की दीडशे. म्हणजे माझा दिवस आणि माझी रात्र यांत घड्याळाच्या दृष्टीने फारसा फरकच नव्हता. सकाळी जुळवणारा उजेड नाही, रात्री थांबवणारा अंधार नाही.

२०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने सोपे आकडे सुचवले. दिवसा डोळ्याच्या पातळीवर किमान २५०, झोपण्याआधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको. हे आकडे साध्या लक्सचे नाहीत, त्या तिसऱ्या पेशींना जाणवणाऱ्या उजेडाचे आहेत. दिवसाच्या आकाशाचा आणि पांढऱ्या एलईडीचा उजेड जवळपास पूर्ण मोजला जातो, पिवळसर बल्बचा साधारण निम्मा.

आता एक गैरसमज. सगळा दोष मोबाइलला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी मोजलं: अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावर, पूर्ण ब्राइटनेसला माझ्या फोनचा उजेड डोळ्यापाशी तीस-चाळीस लक्स. ब्राइटनेस कमी केला की पाचच्या आत. डोक्यावरची ट्यूब दीडशे. म्हणजे अम्मी "फोन ठेव" म्हणून ओरडत असते आणि घड्याळाला जास्त मागे ओढत असते ती तिच्याच डोक्यावरची ट्यूब. फोन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. फोन आपल्याला जागं ठेवतो ते रील्सने, भांडणाने, ग्रुपवरच्या मेसेजने. तो वेगळा आजार आहे, त्याचा उपायही वेगळा.

मी काय बदललं

चार गोष्टी.

पहिली, सकाळी उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उघड्यावर. गच्ची, गॅलरी, दूध आणायला चालत जाणं, काहीही. सूर्याकडे बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते. नुसतं उघड्या आकाशाखाली असायचं. बंद काचेमागून उजेड बराच कमी येतो, म्हणून शक्य तर बाहेर.

दुसरी, दिवसभर खिडकीजवळ. ऑफिसात मी एका सहकाऱ्याशी जागा बदलली. त्याला एसी जवळ हवा होता, मला खिडकी. दुपारचं जेवण झाल्यावर दहा मिनिटं खाली चक्कर. जेवणानंतरची सुस्ती पूर्ण गेली नाही, पण तिसरा चहा सुटला.

तिसरी, इशानंतर मोठे दिवे बंद. बल्ब घेताना खोक्यावर केल्विनचा आकडा बघा. ६५०० म्हणजे पांढरा-निळसर, २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर. आपल्याकडे पांढरा उजेड म्हणजे स्वच्छता आणि सुबत्ता अशी समजूत आहे. पिवळा बल्ब गरिबीचा वाटतो. माझ्या अम्मीला तर वाटलं मी वीज वाचवतोय. पण कोपऱ्यात, डोळ्याच्या पातळीखाली एक पिवळा दिवा ठेवला की गप्पा, जेवण, वाचन सगळं होतं.

चौथी, झोपताना अंधार. झिरोचा बल्ब बंद. तो हवाच असेल, घरात म्हातारं माणूस असेल, तर लाल किंवा केशरी आणि जमिनीलगत. रात्री बाथरूमला जाताना पडून माकडहाड मोडण्यापेक्षा मंद दिवा कधीही चांगला. राउटरच्या, इन्व्हर्टरच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी. आणि डोळ्यांवर रुमाल.

साधारण दोन आठवड्यांत फरक जाणवला. झोप यायची वेळ साडेबारावरून साडेअकरावर आली. मी रात्रीचं काम सोडून दिवसाचं घेतलं होतं, तेही मोठं कारण आहे. उजेडाने सगळं केलं असं सांगितलं तर ती फसवणूक होईल. आणि तुम्ही भरपूर झोपूनही दिवसा पेंगत असाल, घोरताना श्वास अडत असेल, मन सतत उदास असेल, तर बल्ब बदलत बसू नका, डॉक्टरकडे जा.

दहा बाय बारामध्ये काय करायचं?

तुमच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतोय. गच्ची, गॅलरी, खिडकी, कोपऱ्यातला दिवा; हे ज्याच्याकडे आहे त्याला ठीक. आपल्यातल्या बहुतेकांचं घर म्हणजे एक खोली आणि मोरी. तिथे एकाची बारावी, एकाची रात्रपाळी, दादीचा खोकला आणि लहानग्याची झोप हे सगळं एकाच ट्यूबखाली चालतं.

म्हणून पहिला उपाय स्वस्तातला. अभ्यास करणाऱ्याला मान वाकवता येणारा टेबल लॅम्प द्या, उजेड फक्त वहीवर पडेल असा, आणि ट्यूब बंद करा. बाकीचे झोपतील. झोपणाऱ्यांचं डोकं दिव्याच्या उलट्या बाजूला. डोळ्यांवर जुन्या ओढणीची दुहेरी पट्टी. एवढ्याने खोलीचे दोन भाग होतात.

दुसरं आपल्या पोरांबद्दल. "मुस्लिम मोहल्ले रात्री जागतात आणि सकाळी झोपतात" असं आपल्याबद्दल बोललं जातं, आपणही हसत हसत बोलतो. रात्री एकला चौकात बसलेला मुलगा का बसलाय ते कुणी विचारत नाही. घरात सात माणसं आणि तीन गाद्या आहेत. सगळे झोपल्यावरच त्याला अंग टाकायला जागा मिळते. चौकात हॅलोजनचा झगझगाट आणि चहाच्या गाडीवर चार एलईडी. त्याचं घड्याळ मागे जाणार नाही तर काय होईल? सकाळी तो दहाला उठतो, आपण त्याला आळशी म्हणतो. मी माझ्या बापाला म्हणायचो तसंच.

तिसरी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. माझी धाकटी बहीण बारावीला होती तेव्हा ती स्वयंपाकघरात, ओट्याखाली पाट मांडून अभ्यास करायची. तिथे खिडकी नाही. दिवसा ट्यूब, रात्री ट्यूब. कॉलेजला जाणं-येणं रिक्षातून. सकाळी डोकं दुखायचं, झोप यायची नाही. तिने एकदा विचारलं, सकाळी गच्चीवर बसून वाचू का? गच्चीवर शेजारची पोरं असतात म्हणून नाही म्हणणाऱ्यांत मी होतो. मी इंजिनिअरिंगला होतो, मी म्हणजे घरातला शिकलेला माणूस. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

मागच्या वर्षी मी तिच्याकडे माफी मागितली. ती हसली आणि म्हणाली, "भाईजान, आता माझ्या मुलीला तरी जाऊ द्या."

आपल्या घरातल्या किती बायकांच्या अंगावर दिवसातून अर्धा तास उघडं आकाश येतं, ते आज घरी गेल्यावर मोजा. मैदान पोरांचं, चौक पोरांचा, गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे. मग "बायकांना सारखा थकवा असतो" म्हणून आपण टॉनिक आणून देतो.

रमजान

नमाजाच्या पाचही वेळा सूर्यावरून ठरतात. घड्याळं नव्हती तेव्हा मोठ्या मशिदींत वेळ काढणारा खगोलशास्त्रज्ञ नेमलेला असायचा, त्याला मुवक्कित म्हणत. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे काम करत होता. याचा अर्थ विज्ञान सगळं आपल्या धर्मात आधीच सांगितलंय, असं मी म्हणणार नाही. तसला दावा श्रद्धेलाही शोभत नाही आणि विज्ञानालाही. मी इतकंच म्हणतो की सूर्याकडे लक्ष ठेवून दिवस आखण्याची सवय आपल्या परंपरेत आहे. फज्रनंतर पुन्हा पांघरूण डोक्यावर घेतो तेव्हा ती आपणच मोडतो. फज्रच्या जमातीच्या वेळी अजून अंधार असतो. घड्याळ जुळवणारा उजेड त्यानंतर येतो, आणि तेव्हा आपण झोपलेलो असतो.

रमजानमध्ये झोपेचे दोन तुकडे होतात, ते टळत नाही. तरावीहनंतर बाजारात दोनपर्यंत फिरायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. तरावीहहून आल्यावर घरात पिवळा दिवा. सहरीला ओट्यावर पुरेसा उजेड ठेवा, सुरी-चूल आहे. बाकी घरात मंद. रात्री उशिरा झोपणाऱ्याला पहाटे साडेचारचा झगझगीत उजेड अजूनच मागे ओढू शकतो. मग फज्र, झोपेचा दुसरा तुकडा, आणि उठल्यावर लगेच बाहेर. दुपारी कैलुला, वीस-तीस मिनिटांचा. आणि हो, सहरीला सगळ्यांच्या तासभर आधी कोण उठतं? तिची झोप महिनाभर सगळ्यांत कमी असते. पोळ्या तुम्हीही लाटू शकता, भाजी रात्रीच चिरून ठेवू शकता. हा उजेडाचा मुद्दा नाही, पण झोपेचा आहे.

रात्रपाळीवाल्यांसाठी

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. घाबरवायला सांगत नाही. माग, हॉस्पिटल, वॉचमन, डिलिव्हरी, कॉल सेंटर. आपली माणसं या कामांत आहेत आणि त्यांना ते सोडता येत नाही. त्यांच्यासाठी घरच्यांनी करायची एकच गोष्ट: दिवसाची झोप ही खरी झोप आहे हे मान्य करणं. खिडकीला जाड गोधडी किंवा काळा कागद, पंखा सुरू, फोन दुसऱ्याकडे, दारावरची बेल बंद. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात भरपूर उजेडात राहा, शेवटचे दोन-तीन तास शक्य तितका कमी. आणि डोळे मिटत असतील तर गाडीला हात लावू नका. हे मी कोपर दाखवून सांगू शकतो.

उजेड हा नागरी प्रश्न आहे

गोवंडी-मानखुर्दमध्ये लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसनाच्या वसाहती आहेत. इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे अभ्यास केला आणि इमारतींची दाटी, न पोहोचणारी हवा-उजेड आणि टीबी यांचा संबंध दाखवला. म्हणजे कागदावर लोकांना झोपडीतून पक्क्या घरात आणलं, पण ऊन बाहेरच राहिलं. अशा घरातल्या माणसाला "सकाळी ऊन घे" म्हणणं ही थट्टा आहे. पाणी, गटार, रस्ता यांसाठी आपण नगरसेवकाकडे जातो. खिडकी आणि मोकळी जागा यांसाठीही जायला हवं.

या शिबिरातून मला तीन कामं हवी आहेत. एक, प्रत्येकाने आपलं घर आणि वस्तीतली अभ्यासिका सकाळी दहा आणि रात्री दहा वाजता फोनवर मोजावी आणि आकडे एका तक्त्यात भरावेत. तीनशे घरांचे आकडे हातात असले की बोलायला आधार मिळतो. दोन, जिथे आपली अभ्यासिका आहे तिथे खिडकीजवळ टेबलं आणि पहाटेपासून दार उघडं. रात्री बारापर्यंत चालू ठेवण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. तीन, ज्यांच्या इमारतीला गच्ची आहे त्यांनी सकाळी सात ते नऊ ती बायका-मुलींसाठी उघडी राहील हे सोसायटीत ठरवून घ्यावं. सुरुवात स्वतःच्या बहिणीपासून.

दोन प्रश्नांची उत्तरं

एकाने चिठ्ठी पाठवलीय: फोनचा नाइट मोड किंवा निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला तर चालेल का? नाइट मोडने झोप खूप सुधारते असं ठोस दिसलेलं नाही. ब्राइटनेस कमी करणं आणि फोन लांब ठेवणं जास्त उपयोगी. चष्म्याचाही झोपेवरचा फायदा अजून पक्का नाही. त्या पैशात दोन पिवळे बल्ब आणि एक टेबल लॅम्प येईल.

दुसरी चिठ्ठी एका मैत्रिणीची: हॉस्टेलमध्ये रूममेट दोनपर्यंत दिवा लावते, भांडण होतं. तिला दोष देऊ नका, तिचीही परीक्षा आहे. दोघींनी मिळून लॅम्प घ्या, अकरानंतर ट्यूब बंद असा करार करा, आणि ओढणीची पट्टी आहेच.

अब्बा आता निवृत्त आहेत. आमच्याकडे पुण्यात असतात. फज्रनंतर गच्चीवर खुर्ची टाकून ऊन अंगावर येईपर्यंत बसतात. रात्री दहाला त्यांना गाढ झोप लागते. मध्यंतरी माझा मुलगा त्यांच्या खोलीत पळत गेला आणि मी त्याला हळूच म्हणालो, "गलबला नक्को कर रे, दादा सोये."

चहा आलाय. चहा बाहेर अंगणात घेऊया, इथे ट्यूबखाली नको.